देवदूतांचा वाटा

मद्याच्या बाटलीवर कधी काळी लेख लिहीन, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. हयात शाळेत शिकवण्यात गेली. घरात मद्याला थारा नव्हता. वसईच्या लग्नमांडवात आग्रहाने पुढे आलेला पेला ओठांना लावायचा आणि हळूच खाली ठेवायचा, एवढाच माझा त्या विद्येतला अभ्यास. पण २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील केंटकी राज्यात, मुलाच्या घरी, एक बाटली उघडली गेली आणि तिने माझ्याकडे एक जुना हिशेब मागितला.

मुलगा तिथल्या लुईव्हिल शहरात नोकरी करतो. २०१२ साली माझ्या पत्नीला मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचे निदान झाले. आधी तिचे हात गेले, मग पाय, मग वाचा. डोळे तेवढे सगळे बोलत राहिले. पुढल्या वर्षी एका रात्री मुलाने फोनवर सांगितले, की त्याने बरेच पैसे मोजून एक खास, मोजक्याच संख्येने निघालेली बर्बन व्हिस्की घेतली आहे. त्या दिवशी पत्नीला पेज भरवताना दोनदा ठसका लागला होता. मी म्हणालो, “तुझी आई इथे घोटभर पाण्यासाठी झगडते आहे आणि तू तिकडे दारूच्या बाटल्या जमवतोस?” आणि फोन ठेवून दिला. २०१५ साली ती प्रभूच्या घरी गेली. दफनाला मुलगा आला, आठवडाभर राहिला. त्या फोनचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

केंटकीत गेल्यावर पहिल्याच रविवारी तो मला बार्डस्टाउन या गावी घेऊन गेला. आपल्या वाचकांना ठाऊक नसेल, पण १८०८ साली न्यूयॉर्क, बोस्टन आणि फिलाडेल्फिया यांच्याबरोबरच या चिमुकल्या गावालाही धर्मप्रांताचा मान मिळाला होता. मेरीलँडहून आलेल्या कॅथलिक शेतकऱ्यांनी हा मुलूख वसवला. त्यांतल्या कित्येकांनी मका पेरला आणि उरलेल्या मक्याची व्हिस्की गाळली. सेंट जोसेफच्या जुन्या बॅसिलिकेत मिस्सा ऐकून बाहेर पडलो, तर गावाबाहेर माळावर अनेक मजली, अरुंद खिडक्यांची प्रचंड गोदामे उभी. त्यांच्या भिंती आणि भोवतालची झाडे काजळी धरल्यासारखी काळी. मला वाटले, आग लागून गेली असावी. आग खरोखरच लागली होती, १९९६ च्या नोव्हेंबरात, हेवन हिल नावाच्या डिस्टिलरीला. सात गोदामे आणि नव्वद हजारांहून अधिक पिंपे त्यात खाक झाली. पण हा काळेपणा तिचा नव्हे. पिंपांतून झिरपणाऱ्या मद्यार्काच्या वाफेवर वाढणारी ती बुरशी आहे.

या वाफेला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बर्बन म्हणवून घ्यायचे तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, पिंप ओक लाकडाचे, कोरे आणि आतून जाळलेले हवे, आणि बाहेरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही, असा कायदा आहे. जो काही रंग आणि गंध येतो तो त्या जळक्या लाकडातून. उन्हाळ्यात मद्य लाकडात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते, आणि दर वर्षी थोडे थोडे उडून जाते. दहा वर्षांनी पिंपाचा सुमारे एक तृतीयांश भाग देवदूतांनी नेलेला असतो.

संध्याकाळी मुलाने कपाटातून ती बाटली काढली. दहा वर्षे तिचे बूच तसेच होते. पेल्यात ओतलेला रंग पितळेच्या घासलेल्या तांब्यासारखा. मुलगा म्हणाला, “नाक पेल्यात खुपसू नका पप्पा, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्या.” पहिल्यांदा नुसता झणका बसला, ४८ टक्के मद्यार्क होता तो. त्याने चमच्याने पाण्याचे चार थेंब घातले. मग आधी जळका गूळ आला, मग व्हॅनिला, नव्या फळीचा वास, आणि त्यामागून असे काही, की मी पेला खाली ठेवला. सुकेळी! राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी झाकायची, पुन्हा सकाळी उन्हात. आठवडाभर आमचे अंगण त्याच वासाचे असे. केळी आक्रसत आक्रसत मधाळ होत. हे काम ती कुणाला करू देत नसे.

मी काहीच बोललो नाही, तेव्हा मुलाने बाटली माझ्यापुढे फिरवली. हेवन हिलचे मुख्य व्हिस्कीकार पार्कर बीम यांना तोच आजार झाला होता, जो हिला झाला. अमेरिकेत त्याला एएलएस म्हणतात. १९६० साली ते त्या कंपनीत लागले होते. त्यांच्या नावाने दर वर्षी निघणाऱ्या मर्यादित व्हिस्कीची २०१३ ची आवृत्ती ‘प्रॉमिस ऑफ होप’ म्हणून निघाली, आणि प्रत्येक बाटलीमागे वीस डॉलर त्या आजाराच्या निधीला गेले. बीम २०१७ च्या जानेवारीत वारले.

“आई इकडे आली की उघडू, असे ठरवले होते,” तो म्हणाला. “तिला चमचाभर तरी द्यायची होती.”

“मला सांगितले का नाहीस?”

“सांगतच होतो. तुम्ही फोन ठेवलात.”

व्हिस्की पिंपात म्हातारी होते. काचेत तिचे वय थांबते. बाटलीतली ती दहा वर्षांचीच राहिली होती. आमचीच दहा वर्षे उडून गेली होती, आणि ती काही देवदूतांनी नेली नव्हती.

मी त्याची क्षमा मागितली. नीट शब्द सुचले नाहीत. बावन्न ओळींचा निबंध विद्यार्थ्यांकडून घोटून घेणारा मी, दोन वाक्यांत अडखळलो. सूनबाई स्वयंपाकघरातून आली, आमच्याकडे पाहिले आणि तशीच परत गेली.

बराच वेळाने मुलाने विचारले, “आईला आवडली असती का हो?”

“आधी नाक मुरडले असते,” मी म्हणालो, “मग विचारले असते, ही सुकेळी कुणी केली?”

तो हसला. त्याने बूच पुन्हा काढले, आणि या खेपेला आग्रह करावा लागण्याआधीच मी पेला पुढे केला.