कोजिमाची जीन्स, सजद्याचं माप

कोजिमा हा जपानच्या कुराशिकी शहराचा समुद्राकडचा भाग. एकेकाळी शाळांच्या गणवेशांसाठी नावाजलेल्या या गावात १९६५ पासून जीन्स शिवल्या जाऊ लागल्या. आज 'जीन्स स्ट्रीट'वर डोक्यावर दोरीने टांगलेल्या जीन्स वाऱ्यावर हलत असतात.

मुलासोबत आम्ही तिथे गेलो. वर्षापूर्वी जुम्याच्या नमाजला सजद्यात त्याचा शर्ट वर सरकला आणि पाठ उघडी पडली. एका बुजुर्गांनी सर्वांदेखत झापलं. घरी आम्हीही त्यालाच बोललो. तेव्हापासून तो मशिदीत यायचं टाळत होता.

दुकानात १९४०च्या दशकातल्या अमेरिकन जीन्सच्या हुबेहूब प्रती होत्या. कंबर उंच, मांडी सैल. दुकानदाराने सांगितलं, लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. जीन्स टेबलावर पसरून टेपने कंबर, मांडी, आसनाची उंची आणि पायाची आतली लांबी मोजा. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, लांबीत जास्त. कंबर वापराने पुन्हा थोडी सैलावते. म्हणून पायाची पट्टी धुतल्यावरच दुमडायची.

आम्ही एकदा धुतलेली जोडी निवडली. मुलाने ती घालून तिथेच रुकू केला, मग सजदा. पाठ झाकलेलीच राहिली. पट्टी घोट्याच्या वर घेतली.

चूक जीन्सची नव्हती, मापाची होती. थोडी आमचीही होती; आम्ही रागावलो, पण माप पाहिलं नाही.

परतताना त्यानेच विचारलं, "अब्बा, जुम्यापर्यंत घरी पोहोचू ना?"