घड्याळाची कालनिश्चिती

जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये एक उपछंद आहे. आपल्या जन्माच्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेले मनगटी घड्याळ शोधायचे, ते चालू करून घ्यायचे आणि रोज वापरायचे. नाण्यावर साल छापलेलेच असते. तेथे शोध हा केवळ चिकाटीचा आणि पैशाचा प्रश्न ठरतो. घड्याळाच्या डायलवर तास असतात, मिनिटे असतात, क्वचित वार आणि तारीख असते; साल नसते. म्हणजे वस्तू सापडल्यानंतरच खरे काम सुरू होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हस्तलिखिताचा काळ कसा ठरवावा, हा आमच्या विषयातला जुना आणि भांडणांचा प्रश्न. या छंदाकडे आम्ही ओढले गेलो ते बहुधा त्यामुळेच.

पहिली अडचण मात्र घड्याळाची नव्हती, जन्मसालाचीच होती. आमच्यापैकी एकाचा जन्म शहरातल्या रुग्णालयात झाला. दाखला आहे, साल १९८०. दुसऱ्याचा जन्म आरोंद्याचा, घरी झालेला. सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला, तेरेखोलच्या खाडीकाठी हे गाव आहे. पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका. शाळेच्या दाखल्यावर याची जन्मतारीख आहे १ जून १९७९. महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या निसर्गाच्या नियमात बसणारी नाही, हे कोणत्याही कार्यालयाचा हजेरीपट पाहिला तरी कळते. मूल पहिलीत घालायला आणले की गुरुजी वय बसवून देत, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने तारीख आपोआप ठरे. थोरल्या भावंडाबरोबर धाकटेही शाळेत यायला लागले, तर त्याचे साल थोडे मागे सरकवणे हा सर्वांच्याच सोयीचा मार्ग असे. पुढे त्या तारखेवर नोकरी लागते आणि त्याच तारखेमुळे माणूस ३१ मे रोजी निवृत्त होतो.

आईचे म्हणणे वेगळे. “गिराण लागला तेव्हा तू माझ्या पोटात होतंस,” हे तिचे एकच वाक्य, आणि त्यात ती कधी फरक करीत नाही. हे ग्रहण म्हणजे १६ फेब्रुवारी १९८०चे खग्रास सूर्यग्रहण. त्याचा पट्टा उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरून भूमीवर आला आणि दख्खन ओलांडून ओडिशाच्या किनाऱ्याकडे गेला. आरोंदा पट्ट्याच्या बाहेर, उत्तरेला. तरी सूर्याचा बहुतेक भाग तेथेही झाकला गेला असणार. गरोदर बायकांना त्या दिवशी दारे लावून आत बसवले होते. चिरायचे नाही, कापायचे नाही, शिवायचे नाही. पुढे चतुर्थीचे गणपती गेले आणि त्यानंतर मूल झाले, असे ती सांगते. म्हणजे साल १९८०, महिना सप्टेंबर. दाखला एक म्हणतो, ग्रहण दुसरे म्हणते. त्या वेळचा जिल्हासुद्धा आज तो नाही. आरोंदा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. नवव्या दशकाच्या उंबरठ्यावरचे हे दोन आकडे हाती घेऊन आम्ही बाजारात उतरलो.

बाजारात सगळ्यांत बोलके असते ते सिको कंपनीचे घड्याळ. त्याच्या पाठीवरच्या अनुक्रमांकातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा आकडा महिना; ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी वेगळ्या खुणा. शून्य आणि नऊ अशी सुरुवात असेल तर सप्टेंबर. पण १९७०चा, १९८०चा की १९९०चा, हे क्रमांक सांगत नाही. ते ठरवायला आतले मशीन पाहावे लागते. ६३०९ या क्रमांकाचे मशीन साधारण १९७६ ते १९८८ या काळातले. तेव्हा त्या मशीनवर शून्य आले की साल १९८०च. बहिरंग पुराव्याला अंतरंग पुराव्याची जोड मिळावी तशी ही पद्धत आहे, आणि आम्हाला ती फार आवडली.

परंतु क्रमांक असतो झाकणावर, आणि झाकण सुटे होते. मुंबईच्या चोरबाजारात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सावंतवाडीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत आम्ही जी घड्याळे पाहिली, त्यांतली पुष्कळशी एकाच घड्याळाची नव्हती. केस एकाची, मशीन दुसऱ्याचे, काटे तिसऱ्याचे, आणि डायल अलीकडे नव्याने रंगवलेली. रंगवलेली डायल ओळखता येते: अक्षरे किंचित जाड असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नीट जुळत नाहीत, तळाचा बारीक मजकूर अर्धवट असतो किंवा त्यात एखादे अक्षर चुकलेले असते. अशा घड्याळाला जन्मसाल कोणते द्यायचे? झाकणाचे, मशीनचे, की रंगाऱ्याच्या हाताचे?

मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२मध्ये पूर्ण झाली, हे ग्रंथातच नोंदलेले आहे. एकनाथांनी तिच्या प्रती ताडून शके १५०६मध्ये पाठ शुद्ध केला, आणि आपण शतकानुशतके वाचत आलो तो बहुतांशी त्या शुद्धीनंतरचा ग्रंथ. राजवाड्यांनी १९०९मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तर तिच्यावर वाद झाला. तरीही ज्ञानेश्वरीचे साल आपण शके १२१२ हेच सांगतो, आणि ते योग्यच आहे. सुटे भाग बदलले तरी वस्तू तीच राहते, पण एका अटीवर: ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली, याची परंपरा शिल्लक असली पाहिजे. एकनाथांना ती परंपरा ठाऊक होती आणि तिच्याशी त्यांचे इमान होते. बाजारातल्या घड्याळांपाशी नेमकी तीच नसते. विकणाऱ्याला विचारले, तर “जुने आहे” एवढेच उत्तर येते.

एचएमटीकडे वळलो ते या निराशेतून. १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने या सरकारी कारखान्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि नोकरी, लग्न, निवृत्ती या तिन्ही प्रसंगी मनगटावर एचएमटी येण्याचा काळ पुढे दोन-अडीच दशके टिकला. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जुन्या नगांना गिऱ्हाईक वाढले आणि त्याबरोबर रंगवलेल्या डायलीही. एचएमटीसाठी आम्ही पावतीचा किंवा हमीपत्राचा आग्रह धरला. कागद बाजारात मिळत नाहीत. मिळाले तर घरांत मिळतात. म्हणून एका मे महिन्यात आरोंद्यातच विचारत फिरलो.

चौथ्या घरी घड्याळ मिळाले. एचएमटी जनता, सतरा ज्वेल्सचे, चावीचे. डायल पिवळसर झालेली, पण मूळची. घरातल्या काकींनी ते पत्र्याच्या ट्रंकेतून काढून पदराने पुसले. “हेंचा घड्याळ आसा. चावी दिली तर चलता अजून.” घड्याळ कधीचे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ह्येंनी संपाच्या आधी घेतल्यानी.” संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप; काकींचे यजमान त्यानंतर गावी आले ते परत गेले नाहीत. ट्रंकेत पावतीही होती. चार घड्यांची, घड्यांवर विरलेली. काकींना ती कधी कोणी वाचून दाखवली नव्हती. आम्ही वाचली: मुंबईच्या दुकानाचे नाव, घड्याळाचे नाव, खाली घेणाऱ्याचे पूर्ण नाव आणि तारीख, नोव्हेंबर १९८०. विक्रीची तारीख ही घड्याळाच्या जन्माची फक्त उत्तरसीमा असते, हे खरे. पण एवढा सबळ पुरावा आम्हाला इतरत्र कोठेही मिळाला नव्हता.

झाकण उघडल्यावर आत दाभणाने ओरखडलेले आकडे दिसले. घड्याळजी दुरुस्ती केली की आतून अशी बारीक खूण करून ठेवतात. ८१, ८६, ९३. पहिली खूण मुंबईची असावी, पुढच्या गावाकडच्या. ९३नंतर काही नाही. काकींनी तो आकडा विचारून घेतला आणि म्हणाल्या की बरोबर, त्या पावसाळ्यात ते गेले.

मग त्यांनी विचारले, “ह्यां घड्याळ तुमका कित्याक व्हया?” आम्ही जन्मसालाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि घड्याळ हातातच ठेवले. किंमत आम्ही विचारली नाही. विचारण्यासारखे काही उरले नव्हते. ज्या पावतीने त्या घड्याळाचे साल सिद्ध होत होते, त्याच पावतीवर ते कोणाचे आहे हेही लिहिलेले होते. पावती आणि ओरखडे बाजूला काढून नुसते घड्याळ घेतले असते, तर ते चोरबाजारातल्या इतर शंभर घड्याळांसारखेच बिनसालाचे झाले असते.

वर्ष हे वस्तूत नसते, ते साक्षीदारांपाशी असते, असे आम्हाला आता वाटते. आईपाशी ग्रहण आहे, काकींपाशी संप आहे, घड्याळजीपाशी दाभण होते. शाळेच्या दाखल्यापाशी मात्र १ जूनशिवाय काही नाही; निवृत्ती त्याच्या हिशेबाने होईल, घड्याळ त्याच्या हिशेबाने घ्यायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. शोध चालूच आहे, दोघांसाठी एकच साल, १९८०. फरक इतकाच की कोणी घड्याळ पुढे केले की क्रमांक पाहण्याआधी आम्ही ते कोणाचे होते हे विचारतो. बाजारात अजून कोणी उत्तर दिलेले नाही. ज्या दिवशी कोणी देईल, त्या दिवशी ते घड्याळ आम्हाला बहुधा विकत घेता येणार नाही.