माथेरानची ई-रिक्षा आणि तिची बॅटरी

नेरळहून निघालेली टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यावर थांबते. त्यापुढे मोटारींना मज्जाव. माथेरानचा हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तेव्हा तो अधिकच पक्का झाला. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी एवढेच अपवाद होते. बाकीच्यांनी पायी जावे, घोडा करावा, अमन लॉजहून छोटी रेल्वे धरावी, नाहीतर हातरिक्षात बसावे, असा तेव्हाचा रिवाज होता. झाडे वाचली, हवा वाचली, हे खरेच. पण गाडीला जुंपला गेला तो माणूस!

2025 च्या दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. सोबत मातोश्री होत्या, गुडघ्यांनी अधू. एकजण पुढून ओढतो, दोघे मागून रेटतात, अशी हातरिक्षा समोर येताच त्या म्हणाल्या, "माणसाच्या जिवावर मी बसायची नाही. चालंन मी." पण चालणार कशा? सुदैवाने ई-रिक्षा मिळाली.

वाचकहो, ही गाडी सहज आलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये प्रयोगापुरती परवानगी दिली आणि डिसेंबरात सात गाड्या सुरू झाल्या. त्या वेळी भाडे माणशी 35 रुपये व शाळकरी मुलांना 5 रुपये ठरले होते. दप्तर पाठीला लावून रोज हा चढ तुडवणाऱ्या पोरांना ते पाच रुपये केवढे वाटले असतील! पुढे 6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. गुजरातेत केवडियाला आहे तशी योजना करून शासनाने ई-रिक्षा घ्याव्यात व हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात; उरलेल्या आदिवासी भगिनी व इतरांना मिळाव्यात, असे न्यायालयाने सुचवले.

धूर नाही, आवाज नाही, चढावर उभी केलेली गाडी पुन्हा मुकाट्याने निघते. सोय मोठी आहे. पण विजेची गाडी आली म्हणजे सगळे आलबेल झाले, असे समजू नये. माथेरानची वाट लाल मातीची, सुट्या गोट्यांची. तिथे चाके घसरतात, म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत. ब्लॉकवर घोड्यांचे पाय सटकतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार. न्यायालयाने मध्यममार्ग काढला: दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच ब्लॉक, तेही खाली काँक्रीट न घालता, आतल्या वाटा मातीच्याच राहतील.

बाजारात एका हातरिक्षावाल्या मामांशी चहा घेतला. ते म्हणाले, "आम्ही दमलो तर झाडाखाली घटकाभर टेकतो, पुन्हा उठतो. हिची बॅटरी उतरली की लावा चार्जिंगला. तेवढ्या वेळचा धंदा बुडाला."

आम्ही बी. कॉम.चे, आमचा हात लगेच हिशेबाकडे गेला. पेट्रोल नाही, वीज त्यामानाने स्वस्त. रोजचा खर्च कमी दिसतो. पण घसारा दिसत नाही. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि तो खर्च एकदम अंगावर येतो. रोजच्या कमाईतून त्यासाठी थोडे बाजूला काढले नाही, तर गाडी दारात उभी आणि सावकार ओट्यावर! भाड्याच्या गाडीत हा भार शासनाचा की चालवणाऱ्याचा? त्यातून मध्ये कंत्राटदार शिरला, तर काल रिक्षाचा परवाना बाळगणारा माणूस उद्या रोजंदारीचा ड्रायव्हर होईल.

मामांनी सगळे ऐकून घेतले. "साहेब, हे लिहून द्याल का?"

टपरीवरच कागद मागवला. बॅटरी व दुरुस्तीचा खर्च कोणाचा हे भाडेकरारात स्पष्ट असावे, भाडे पावसाळ्यात कमी घ्यावे, आणि काही वर्षांनी गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर व्हावी, अशा तीन मागण्यांचा अर्ज लिहून दिला. खाली सह्यांसाठी जागा सोडली. मामांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि ते गिऱ्हाइकाकडे धावले.