नळातली हवा

घरच्या विहिरीवर मोटर बसवून गच्चीवरची टाकी भरणाऱ्या घरात नळाची धार बारीक झाली की पहिला संशय विहिरीवर घेतला जातो. वास्तविक पाणी किती आहे आणि ते किती जोराने येते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. स्थिर पाण्याचा दाब टाकीच्या आकारमानावर नव्हे, तर नळापासून पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो, आणि तो 10 मीटरमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम भरतो. म्हणून टाकीखालच्याच मजल्यावर, जेथे ही उंची जेमतेम 2 मीटर असते, मोठी टाकी घेतल्याने धार वाढत नाही. तो खर्च हौसेत मोडतो.

टाकीच भरत नसेल, तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी वर सोडणारी पण परत उतरू न देणारी झडप, पाहावी लागते. ती गळली की पाइप रिकामा होतो आणि मोटर हवा धरून नुसती फिरत राहते. उन्हाळ्यात पातळी 7 ते 8 मीटरांखाली गेली, तर काठावरच्या मोटरीचा नाइलाज होतो, कारण पाणी खरे तर वातावरणाचा दाब वर ढकलीत असतो आणि त्याची झेप तत्त्वतःही सुमारे 10.3 मीटरांपलीकडे नाही.

टाकी भरलेली, जाळी स्वच्छ, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, तरीही धार अडखळत असेल, तर पाइपाच्या उंटाच्या पाठीसारख्या वळणात हवा अडकलेली असते. जाणता प्लंबर टाकीच्या तोटीजवळ पाण्याच्या पातळीहून उंच, वरून उघडी अशी एक उभी नळी बसवतो. दिसायला ती अगदीच क्षुल्लक असते. हीच युक्ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या नहरींवर दगडविटांच्या खांबांच्या रूपाने उभी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधवली. तिच्यानंतर झालेल्या नहरींपैकी एकीचे पाणी काही किलोमीटरांवरून मातीच्या बंद नळांतून पाणचक्कीपर्यंत येई, आणि वाटेतले खांब साचलेली हवा सोडून देत. शेवटी ते एका उंच भिंतीवर चढे, हौदात कोसळे आणि जाते फिरवी. पाहुणे त्या कोसळत्या धारेचे फोटो काढतात; खांबांकडे, जे अधिक पाहण्याजोगे आहेत, सहसा कोणी वळत नाही. जात्यावरचे पीठ मात्र बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि विद्यार्थ्यांच्या भाकरीला लागे.