दूरवाणी

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी माझ्या भाच्याने माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. डाव्या बाजूस सात स्मार्टफोनांची नावे आणि उजवीकडे पसरत गेलेले एकोणीस रकाने. पडद्याची लांबी, पडद्याची चमक, चिप, मेमरी, बॅटरी, मागचे कॅमेरे, पुढचा कॅमेरा, वजन, किंमत आणि आणखी कितीतरी. "मामा, आता नुसते बघा आणि सांगा," असे म्हणून आपले काम संपल्याच्या समाधानाने तो चहाच्या कपाकडे वळला.

मी बघत राहिलो. वस्तुतः आकड्यांनी भरलेला तक्ता पाहून भांबावणारा माणूस मी नव्हे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका लहानशा कारखान्यात मी छत्तीस वर्षे तपासनीस म्हणून काढली. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही माझी हत्यारे. शतांश मिलिमीटरच्या फरकासाठी मी फोरमनशी भांडलो आहे, मालकाशी रुसलो आहे, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी दोनशे नग परत पाठवून अख्ख्या खात्याचा रोषही पत्करला आहे. असे असूनही त्या एकोणीस रकान्यांवरून यांतला चांगला कोणता, हे मला सांगता येईना.

पीण्या ज्यांनी पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या कडेला, सत्तरीच्या दशकात ही वसाहत उभी राहिली. आज ती देशातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक गणली जाते. पण मोठेपणा दिसावा असे येथे काही नाही. पत्र्याची छपरे, लेथचा सूर, मुलामा देण्याच्या कारखान्यांतून येणारा आंबट वास आणि संध्याकाळी कपड्यांच्या कारखान्यांतून घोळक्याने बाहेर पडणाऱ्या बायका, असे हे पीण्या. २०१४ साली येथे मेट्रो आली आणि एका स्थानकाचे नावच 'पीण्या इंडस्ट्री' असे पडले. त्या नावाचा आम्हां जुन्या माणसांना उगीचच अभिमान वाटला.

याच वसाहतीत २०१७ साली विस्ट्रॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात आयफोन एसई हा फोन जोडला जाऊ लागला. भारतात जोडलेले पहिले आयफोन ते हेच. पुढे हे काम कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, आणि २०२३ साली तो व्यवसाय टाटा समूहाकडे गेला. पण पीण्याच्या धुळीतून तसली नाजूक वस्तू बाहेर पडली, याचे आम्हांला त्या वेळी कोण नवल वाटले होते! बोल्ट आणि बुश यांत हयात घालवलेली आम्ही माणसे. आपल्या शेजारी काय तयार होते हे आम्हांला वर्तमानपत्रातून कळले.

फोन माझ्यासाठी घ्यायचा असावा, असाच भाच्याचा समज होता. मी तो दूर केला नव्हता. तक्त्यातील आकडे कितपत मापाचे आहेत, हे आधी पाहावे असे मी ठरवले. सवय सुटत नाही. चिपच्या रकान्यात 'तीन नॅनोमीटर' असे होते. एका मायक्रॉनमध्ये एक हजार नॅनोमीटर बसतात, आणि मायक्रॉनपर्यंत पोचताना माझी उमर गेली. मी आदराने विचारले, "हे तीन नॅनोमीटर नेमके कशाचे माप?" भाचा सॉफ्टवेअरमधला आणि स्वभावाने प्रामाणिक. तो म्हणाला, "आता कशाचेच नाही, मामा. एके काळी ते चिपमधल्या एका भागाचे माप असे. आता नुसते पिढीचे नाव आहे." म्हणजे जे कुणी मोजत नाही असे हे माप! कॅमेऱ्याखाली एकशे आठ मेगापिक्सेल लिहिले होते. तो कॅमेरा नेहमीचे छायाचित्र काढताना नऊ-नऊ बिंदूंचा एक करतो आणि हाती बाराच ठेवतो. फक्त 'आयपी ६८' पाहून ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. पीण्यातील मोटारींच्या पाट्यांवर मी जन्मभर 'आयपी ५५' वाचत आलो. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. त्या एका रकान्याशी माझे तत्काळ जमले.

आमच्या तरुणपणी निवडीचा हा ताप नव्हता. जवळच जालहळ्ळीला एचएमटीचा कारखाना. तेथे १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने घड्याळे होऊ लागली. पहिल्या पगारांतून शिल्लक टाकून मी घेतलेले 'जनता' घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे. त्याचा कारखाना मात्र राहिला नाही. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. टेलिफोनची गोष्ट तर त्याहून सोपी. शहराच्या दुसऱ्या टोकाला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा १९४८ साली स्थापन झालेला सरकारी कारखाना आहे. तेथला काळा फोन खाते देई तेव्हा घ्यायचा आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपायचा. त्या कारखान्याच्या वसाहतीचे नाव दूरवाणीनगर. कानडीत टेलिफोनला 'दूरवाणी' म्हणतात. आपण मराठी माणसे 'दूरध्वनी' म्हणतो. या दोन शब्दांत काही भेद असेल, असे छत्तीस वर्षांत माझ्या मनात आले नव्हते. तो मला आईमुळे कळला.

आई निपाणीस धाकट्या भावाकडे असते. वय शहाऐंशी. माझ्या घराजवळून जाणारा तुमकूर रस्ता हाच पुढे पुण्या-मुंबईचा महामार्ग होतो आणि सुमारे पावणेसहाशे किलोमीटरांवर निपाणीस शिवून जातो. म्हणजे आम्ही मायलेकरे एकाच रस्त्यावर राहतो, असे म्हणायला हरकत नाही. दर रविवारी मी फोन करतो. गेली दोन वर्षे आमचे बोलणे सुरळीत चालले होते, असे मी समजत होतो.

या वर्षाच्या आरंभी इचलकरंजीची मावशी वारली. मावसभावाने निपाणीस फोन केला. भाऊ शेतावर होता, म्हणून त्याने मला कळवले. मी आईला फोन लावला. अशी बातमी सांगण्यास शब्द जुळवावे लागतात. ते जुळवून मी म्हणालो, "आई, मावशी गेली गं, पहाटे."

"बरं, बरं," आई प्रसन्नपणे म्हणाली, "बरं झालं. तू जेवलास का?"

मी पुन्हा सांगितले, मोठ्याने सांगितले. ती म्हणाली, "हो का? बरं. पोरं बरी आहेत ना?"

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. 'बरं', 'हो का' आणि 'जेवलास का' ही तिची तीन उत्तरे कोणत्याही वाक्याला बसतात, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या खात्यात मी नव्या पोरांना सांगत असे, की जो गेज प्रत्येक नग पास करतो तो गेज नव्हे, नुसता लोखंडाचा तुकडा. आणि माझ्याच आईशी दोन वर्षे मी जे बोलत होतो, त्यातले काही पोचते आहे की नाही, हे मी एकदाही तपासले नव्हते! लेकराला वाईट वाटू नये म्हणून तिने ते झाकले. आणि बोलणे उरकल्याचे समाधान मिळत होते म्हणून मीही ते उकरले नाही.

पुढे बेळगावच्या श्रवणतज्ज्ञाने मला त्यातले शास्त्र समजावले. उतारवयात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. स्वर हे भरदार आणि खालच्या पट्टीचे, ते ऐकू येतात. 'स', 'त', 'क' यांसारखी व्यंजने बारीक आणि उंच, ती निसटतात. म्हणून अशी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण बोललेले कळत नाही." त्यातून जुन्या पद्धतीचा टेलिफोन सेकंदाला तीनशे ते चौतीसशे कंपनांच्या पलीकडचे काही वाहूनच नेत नाही; 'स'चे मर्म त्याच्याही वर असते. म्हणजे कानाने टाकलेले आणि यंत्राने आधीच गाळलेले असे दुहेरी नुकसान. आईकडे श्रवणयंत्र आहे, पण ते डबीत असते. त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात, अशी तिची तक्रार. मग घरात तिला कसे कळते? तज्ज्ञ म्हणाला, "त्या तुमच्या तोंडाकडे पाहतात." खरेच, ती नेहमी समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते. आम्ही तिला माया म्हणत होतो. ती माया होतीच. पण ते ऐकणेही होते.

तेव्हा तिला ध्वनी पोचत होता आणि वाणी पोचत नव्हती. तिला फोनमध्ये माझे ओठ दिसायला हवे होते. हे सारे मी भाच्याला त्या रविवारी प्रथमच सांगितले. त्याने काही न बोलता तक्ता घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "चला, दुकानात जाऊ."

दासरहळ्ळीच्या दुकानात विक्रेता मोठा उत्साही होता. "सार, क्यामेरा नोडि," असे म्हणत तो प्रत्येक फोनची पाठ दाखवी. मला पोट पाहायचे होते. मी त्याला माझी परीक्षा सांगितली. भाचा एक फोन घेऊन बाहेर मेट्रोच्या खांबापाशी उभा राहील, मी आत आवाज पूर्ण बंद करून त्याचे बोलणे ओठांवरून ओळखीन. प्रथम सत्तर हजारांचा फोन हाती घेतला. पडद्यावर भाच्याचा चेहरा काळाठिक्कर. मागे आकाश पांढरेशुभ्र. अठरा हजारांचा घेतला, तरी तेच. शेवटी मी खुणेने त्याला वळायला सांगितले. उजेड समोरून पडताच दोन्ही पडद्यांवर ओठ स्वच्छ दिसू लागले. बावन्न हजारांच्या फरकाने जे साधले नाही, ते टाचेवर अर्धा फेरा घेतल्याने साधले.

तरीही बोलणे मला फारसे ओळखता आले नाही. 'प', 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात, हे मला तेव्हा उमगले. मग मी आवाज अगदी बारीक ठेवला, आईला येत असेल तितका. आणि काय आश्चर्य, नुसत्या कानाला किंवा नुसत्या डोळ्याला जे कळत नव्हते ते दोघांना मिळून कळू लागले. मात्र त्यासाठी चित्र आणि आवाज बरोबर चालले पाहिजेत; ओठ आधी आणि शब्द मागून असे झाले की सारे विस्कटते. ती गोष्ट फोनच्या किमतीपेक्षा दोन्ही टोकांच्या इंटरनेटवर अवलंबून होती. भावाच्या घरी ब्रॉडबँड आहे, त्यामुळे ती चिंता मिटली. टॅब्लेटही पाहिला; पडदा मोठा, पण वजन अर्धा किलो, आणि आईचा हात कापतो.

मला माझी चूक उमजली ती तेथे. आमच्या धंद्यात नग चांगला की वाईट हे नगाकडे पाहून ठरत नाही, रेखाचित्राकडे पाहून ठरते; आणि शाफ्ट बसतो की नाही हे एकट्या शाफ्टवर नसते, बोअरवरही असते. मी आईच्या फोनची तुलना करीत होतो. पण तिला दिसणार होता तो माझ्या फोनचा कॅमेरा, माझ्या खोलीतला उजेड आणि माझे सावकाश बोलणे. अर्धा भाग माझ्याकडे होता, आणि त्यासाठी कुठल्याही तक्त्यात रकाना नव्हता. अठरा हजारांचे एकाच जातीचे दोन फोन मी घेतले, एक तिला, एक मला. सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील एवढे मात्र विचारून घेतले. ते आयुष्यमान असते.

रात्रीच्या बसने निपाणीस गेलो. हिरवे बटण तेवढे दाबायचे, हे आईला शिकवले. स्वयंपाकघरातील पितळी डब्याला फोन टेकवला की तिचा चेहरा बरोबर मध्ये येतो, हे ठरवून परतलो. आणि पुढच्या रविवारी दुपारी खिडकीकडे तोंड करून बसलो.

"किती रे वाळलास!" हे तिचे पहिले वाक्य. मग नेहमीचा प्रश्न, "जेवलास का?"

"उप्पीट खाल्लं," मी सावकाश म्हणालो.

"उप्पीट? दुपारच्याला? सूनबाई कुठं गेली?"

छत्तीस वर्षांत अनेक नग मी पास केले. पण असा नेमका बसलेला नग क्वचितच पाहिला असेल. आम्ही पुष्कळ बोललो. पावसाचे, गुडघ्याचे, भावाच्या उसाचे. मग ती थांबली आणि म्हणाली, "मावशी गेली तेव्हा तू फोन केला होतास, नाही? मी काय म्हणाले रे तेव्हा?"

क्षणभर वाटले, तोंड भिंतीकडे फिरवावे. अंधारात ओठ दिसत नाहीत, हे आता मला पक्के ठाऊक होते. पण मग हा खटाटोप कशासाठी केला होता? मी तोंड उजेडाकडेच ठेवले आणि ती काय म्हणाली होती ते सांगितले.

आई बराच वेळ गप्प राहिली. पदराने डोळे टिपून म्हणाली, "मला ऐकू आलं नव्हतं रे, बाळा."

दोन वर्षांत तिने हे मला प्रथमच सांगितले.