पवित्रशास्त्राच्या कोऱ्या पानांवरची मंडळी

माझं बालपण मोहाडीत गेलं. नवरात्रात चौंडेश्वरीच्या यात्रेत आम्ही सगळ्या गावाबरोबर हिंडायचो आणि रविवारी सकाळी एसटीने वरठीमार्गे भंडाऱ्याला उपासनेला जायचो. आमच्यासारखी खेडोपाडी विखुरलेली ख्रिस्ती घरं तिथे एकत्र यायची. ‘जय ख्रिस्त’ म्हणून एकमेकांची विचारपूस व्हायची, पेटी-तबला लागायचा आणि भजन सुरू व्हायचं.

ही मंडळी आली कुठून, हे मला आजीच्या पवित्रशास्त्राने सांगितलं. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आमच्या घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू टाकाने लिहून ठेवलेले. एका नोंदीत तारखेऐवजी ‘रोवणा चालू असताना’, म्हणजे धानाच्या लावणीत, एवढंच होतं. सगळ्यात वरच्या ओळीत माझ्या पणजोबांचं नाव, आणि जन्माच्या जागी : ‘ठाऊक नाही. दुष्काळात आश्रमात आला.’

आजी म्हणाली, ‘‘बाबू, आपलं घर इथूनच सुरू होते.’’

त्या ओळीचा अर्थ कळायला मला पुढे बरंच वाचावं लागलं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्याच नावाचं हिस्लॉप कॉलेज आज नागपुरात आहे. भंडाऱ्याला या मिशनचं काम 1882 मध्ये सुरू झालं. मग 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. पाऊस दगा देऊन गेला की धान जायचं, आणि धान गेलं की मजुराच्या घरची चूल विझायची. मायबाप गमावलेली पोरं मिशनच्या आश्रमांत आली. तिथे त्यांना जेवण, अक्षरं आणि नवी नाती मिळाली. आमच्यासारख्या किती तरी घरांची वंशावळ तिथूनच पुढे चालते.

वरठीचं स्टेशन, म्हणजे रेल्वेचं भंडारा रोड, मला आणखी एका कारणाने जवळचं वाटतं. 1893 च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत भेटलेल्या एका परदेशी मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ती वाट याच लोहमार्गाची. दोन वर्षांनी, 1895 मध्ये, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओव्यांच्या चालीत ख्रिस्ताची भक्ती गायली. त्यांची भजनं म्हणताना माझी निरक्षर पणजीही पुस्तकावाचून सगळ्यांच्या पुढे असायची, असं आजी सांगे.

दरम्यान चर्चच्या वरच्या पातळीवर बरंच बदललं. 1900 मध्ये स्कॉटलंडात फ्री चर्चचं युनायटेड फ्री चर्च झालं. 1924 मध्ये इथल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. हे सारं अहवालांत, ठरावांत नीट नोंदलेलं आहे. पण रविवारी पायी कोण यायचं, आश्रमातल्या मुलीचं कन्यादान कोणी केलं, मुठीमुठीने तांदळाचं अर्पण कोणी साठवलं, हे अहवालांत नाही. ते घरोघरच्या पवित्रशास्त्रांच्या पानांवर आहे आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

आजी गेल्यावर मी ती पानं वहीत उतरवून घेतली. मग मंडळीतल्या इतर घरांतही जाऊ लागलो. कुठे पानं वाळवीने खाल्लेली निघतात, कुठे जुनं पवित्रशास्त्र गेलेल्या माणसाबरोबर शवपेटीत ठेवून दिलेलं असतं. तरी बहुतेक घरांत एखादी ओळ सापडतेच. आपल्या मंडळीचा इतिहास दुसरं कोणी येऊन लिहिणार नाही. घरात जुनं पवित्रशास्त्र असेल, तर त्याची पहिली पानं याच आठवड्यात उतरवून घ्या. आणि ज्यांना त्या ओळींमागची माणसं आठवतात, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.