हॅम्प्टन कोर्ट : राण्यांचा वाडा

युरोपांतील राजांच्या लग्नांत वधूवरांपेक्षां तहाच्या कलमांनाच अधिक मान असे, हें आपण इतिहासांत वाचतों. परंतु त्या कलमांखालीं माणसें कशीं भरडलीं जात, हें समजून घ्यावयाचें असेल तर हॅम्प्टन कोर्टचा वाडा पाहावा. लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें १२ मैलांवर, थेम्स नदीच्या कांठीं, ही तांबड्या विटांची विस्तीर्ण वास्तु उभी आहे. वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीनें अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळांत आम्ही तेथें पोंचलों.

वाडा मूळचा कार्डिनल वुल्सीचा. त्यानें १५१४ सालीं ही जागा घेतली, आणि पुढें राजाची मर्जी राखण्यासाठीं बांधलेला वाडा आठव्या हेन्रीच्या स्वाधीन केला. हेन्रीची पहिली राणी कॅथरीन ही स्पेनची राजकन्या व त्याच्या वडील भावाची विधवा. स्पेनशीं जुळलेलें सख्य तुटूं नये म्हणून धाकट्या दिराशीं तिची सोयरीक ठरली, व १५०९ सालीं लग्न झालें. चोवीस वर्षांच्या संसारांत एकच अपत्य जगलें, तें म्हणजे मेरी. राजाला हवा होता पुत्र! विवाह रद्द करण्यास पोपनें संमति दिली नाहीं. तेव्हां हेन्रीनें पोपचीच सत्ता झुगारून दिली आणि १५३४ सालीं इंग्लंडच्या धर्मपीठाचें मुख्यत्व स्वतःकडे घेतलें.

येथील भव्य दालनाच्या लांकडी कोरीव कामांत हेन्री व त्याची दुसरी राणी ॲन बोलिन यांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफलेलीं आम्हीं पाहिलीं. हें दालन सजून फार दिवस लोटले नाहींत, तोंच १५३६ च्या मे महिन्यांत लंडनच्या किल्ल्यांत ॲनचा शिरच्छेद झाला. आरोप व्यभिचाराचा व राजद्रोहाचा. पण तिलाही मुलगीच झाली होती, हें विसरून चालणार नाहीं. तिचीं चिन्हें काढून नव्या राणीचीं बसविण्यांत आलीं. हीं कांहीं अक्षरें मात्र कारागिरांच्या नजरेंतून सुटलीं.

अकराच दिवसांनीं जेन सीमूर बोहल्यावर चढली. १२ ऑक्टोबर १५३७ रोजीं याच वाड्यांत तिनें राजाला पुत्र दिला, आणि बाराव्या दिवशीं येथेंच प्राण सोडला. चौथी राणी सहा महिन्यांत बाजूस सारली गेली. पांचवी, कॅथरीन हॉवर्ड, प्रार्थनामंदिराकडे जाणाऱ्या लांब दालनांतून राजाची करुणा भाकीत धांवत गेली व पहारेकऱ्यांनीं तिला ओढून परत नेलें, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, १५४२ च्या फेब्रुवारींत तिचें मस्तक उडविलें गेलें, हें खरें. सहावीचें लग्न १५४३ सालीं याच वाड्यांत लागलें. ती मात्र राजाच्या मागें उरली.

ज्या पुत्रासाठीं एवढा अनर्थ झाला, तो एडवर्ड पंधराव्या वर्षीं वारला. आणि ॲनची ती नकोशी मुलगी एलिझाबेथ हिनें चव्वेचाळीस वर्षें राज्य केलें. तिनें लग्न केलें नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकांस याच वाड्यांतील आणखी एक वधू जवळची वाटेल. १६६१ च्या तहान्वयें पोर्तुगालनें आपली राजकन्या कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला दिली, आणि तिच्याबरोबर मुंबई बेट आंदण दिलें. १६६२ च्या मे महिन्यांत नवपरिणीत जोडपें येथें राहावयास आलें. थोड्याच दिवसांत राजानें आपल्या प्रेयसीला राणीच्या परिचारिकांत नेमण्याचा हट्ट धरला. ती स्त्री समोर येतांच राणीला मूर्च्छा आली. अखेर तिला नमावें लागलें. तिला मूल झालें नाहीं. तिला सोडून द्यावें असा सल्ला राजाला पुष्कळांनीं दिला. तो त्यानें मानला नाहीं, एवढें श्रेय त्याला दिलें पाहिजे. आंदण मिळालेलें बेट मात्र त्यानें १६६८ सालीं वर्षाला १० पौंड खंडानें कंपनीच्या हवालीं केलें.

त्या बेटाची पुढें केवढी नगरी झाली, हें आपण जाणतोंच. मुंबई आंदणांत गेली, हें शाळेंतील मुलेंही सांगतात. पण तिच्यासमवेत परक्या घरीं आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीचें नांव किती घरांत ठाऊक असेल?